‘रोगप्रतिकारशक्ती’ : एका रूढ शब्दाची चिकित्सा

१

शास्त्रीय परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन प्रश्नांपाशी येऊन थांबते. शब्द संस्कृतातून घडवावा की परभाषेतून जसाच्या तसा घ्यावा, हा पहिला. आणि घडवलेला शब्द उच्चारावयास सुलभ आहे की नाही, हा दुसरा. तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो असा की, ज्या वस्तूचे नाव म्हणून हा शब्द रूढ झाला, त्या वस्तूविषयी तो खरे सांगतो काय? एखादा शब्द सोपा असेल, व्याकरणदृष्ट्या निर्दोष असेल, लोकांच्या तोंडी पुरता बसलेला असेल आणि तरीही दिशाभूल करणारा असेल. ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा असा एक शब्द आहे, हे दाखवणे आणि विद्यापीठीय संशोधन केंद्रांतील प्रशिक्षणाशी त्या दोषाचा संबंध काय, याचा विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ज्या शास्त्राचा हा विषय आहे, त्याला येथे मुद्दाम ‘इम्युनॉलॉजी’ असेच म्हटले आहे; ज्या नावाची परीक्षा करावयाची, तेच आधी गृहीत धरणे योग्य नव्हे.

अशा परीक्षेला एक कसोटी हवी. परिभाषाकोश ही ती कसोटी नव्हे, कारण कोशात शब्द एकटा असतो. लोकांत तो आपल्या साऱ्या गोतावळ्यासह वावरतो. म्हणून येथे कसोटीसाठी एक गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिडकीन लागते. पैठण तालुक्यातील हे मोठे गाव पूर्वीपासून शेतीचे. अलीकडे शेंद्रा-बिडकीन औद्योगिक नगरीसाठी त्याच्या परिसरातील हजारो एकर जमीन संपादन केली गेली, आणि कापूस-ज्वारीच्या शिवाराला कारखान्यांचा शेजार आला. अशा गावातील एकाच घरात दंडावर देवीचे वण असलेली आजी, डब्यावरची इंग्रजी अक्षरे वाचणारा नातू आणि पाळण्यातले लेकरू अशा तीन पिढ्या सहज आढळू शकतात. शास्त्राचा शब्द या तिघांच्या मधोमध उच्चारला, तर तो कोणत्या अर्थाने ऐकला जाईल, हे पाहिले पाहिजे.

२

या विषयात मराठीपाशी जुनी आणि समृद्ध भाषा होती, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. हिंदुस्थानात गोस्तनदेवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. ही लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने, एकाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडात अशी जिवंत साखळी राखीत मुंबईस पोहोचली होती. या व्यवहाराचे स्मरण मराठीने आपल्या शब्दांत प्रामाणिकपणे जपले. ‘लस’ म्हणजे मुळात जखमेतून किंवा फोडातून पाझरणारा पातळ, चिकट द्रव. जी वस्तू टोचली जात होती, तिचेच ते नाव होते. आज लस बाटलीतून येते, तिचा फोडाशी संबंध उरलेला नाही. तरी शब्द आपल्या जन्माची खूण अंगावर वागवतो आहे.

टोचण्याच्या क्रियेला लोक ‘देवी काढणे’ म्हणत. टोचल्या जागी फोड आला म्हणजे ‘देवी उठल्या’ म्हणत आणि न आला तर ‘उठल्या नाहीत’ म्हणून पुन्हा टोचून घेत. ‘उठणे’ या क्रियापदाकडे इम्युनॉलॉजीच्या अभ्यासकाने थोडे थांबून पाहावे. टोचणारा टोचतो, परंतु उठवण्याचे काम शरीर करते. लस हे संरक्षण नव्हे. लसीला शरीर जो जबाब देते, ते संरक्षण होय. हे या शास्त्रातील आद्य तत्त्व गावातील अशिक्षित आईच्या क्रियापदात आधीच येऊन बसले होते. टोचले ते पुरेसे नाही, उठले पाहिजे, हे तिला ठाऊक होते.

युरोपीय भाषांतील नावाचा उगम अगदी निराळा आहे. लॅटिन ‘इम्युनिस’ म्हणजे कर, वेठ किंवा सार्वजनिक सेवा यांतून सूट मिळालेला मनुष्य. निजामी राजवटीत इनाम आणि माफी यांचे व्यवहार पाहिलेल्या मराठवाड्याला ही कल्पना परकी वाटू नये. सारा सर्वांना लागू, अमक्याला माफ. साथ सर्वांना लागू, अमक्याला माफ. या नावात फळ सांगितले आहे, कारण सांगितलेले नाही. माफी मिळालेला माणूस बलवान असतो असे काही नाही. त्याच्या नावे सनद असते, इतकेच. आणि सनद एका गावापुरती, एका जमिनीपुरती असते, सर्व मुलखासाठी नव्हे. ज्याला गोवर येऊन गेला, त्याला गोवराची माफी, कांजिण्यांची नव्हे. उपमा जुनी असली तरी या एका बाबतीत ती शास्त्राशी इमान राखून आहे.

३

आता ‘रोगप्रतिकारशक्ती’ या शब्दाकडे वळू. त्याचे तीन घटक आहेत. ‘रोग’ या पहिल्या घटकाविषयी तक्रार थोडी आहे, जरी परागकण किंवा दुसऱ्याचे मूत्रपिंड हे काही रोग नव्हेत आणि शरीराचा जबाब त्यांनाही मिळतोच. ‘प्रतिकार’ हा दुसरा घटक साऱ्या व्यापाराला युद्धाचे रूप देतो. परंतु खरा घोटाळा तिसऱ्या घटकात आहे.

‘शक्ती’ हा मराठीत साठ्याचा शब्द आहे. ती अंगात असते किंवा नसते. कमी होते, भरून येते. खाण्यापिण्याने वाढते, आजाराने खचते. ‘अंगात शक्ती राहिली नाही’ असे म्हणणारा रुग्ण शक्तीचे औषध मागतो, ताकदीची सुई मागतो, सलाईन लावा म्हणतो. या गोतावळ्यात ‘रोगप्रतिकार’ हे विशेषण जोडून ‘शक्ती’ आणून बसवली की ऐकणाऱ्याच्या मनात तीन समजुती आपोआप उभ्या राहतात. पहिली, ही एकच वस्तू आहे. दुसरी, ती मोजमापाने कमी-अधिक असते. तिसरी, ती जितकी अधिक तितके चांगले. इम्युनॉलॉजीच्या दृष्टीने या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत.

२०२० साली कोविडच्या साथीत या शब्दाची जेवढी उलाढाल झाली, तेवढी पूर्वी कधी झाली नसेल. काढे, वड्या, चूर्णे, पेये, इतकेच काय पण पिठे आणि तेलेदेखील ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून विकली गेली. विक्रेत्याने हा शब्द निर्माण केला नव्हता. तो त्याला तयार मिळाला. शक्ती वाढवता येते, हे भाषेनेच आधी कबूल करून ठेवले होते. बाजाराने त्या कबुलीवर सही तेवढी घेतली.

त्याच वर्षी जून महिन्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील ‘रिकव्हरी’ या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णांपैकी नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्के होते. ज्यांना त्यासोबत डेक्सामेथासोन दिले, त्यांच्यांत ते २९.३ टक्के झाले. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे आणि शरीराचा दाहक जबाब दाबणे हे त्याचे कार्य आहे. म्हणजे जेव्हा घरोघर शक्ती वाढवण्याची खटपट चालली होती, तेव्हा रुग्णालयात मृत्यूच्या दारातून माणसे परत आणणारे औषध ती तथाकथित शक्ती आवरणारे होते. ‘शक्ती’ या शब्दाच्या चौकटीत हे सत्य मावतच नाही. मात्र त्याच चाचणीचा दुसरा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा आहे. ज्या रुग्णांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना या औषधाचा लाभ झाला नाही. किंबहुना अपाय होण्याची शक्यता दिसली. पुढे २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे आणि प्राण घेतले, तेव्हा अनियंत्रित मधुमेहाबरोबर स्टेरॉइडचा अविचारी वापर हे त्याचे एक प्रमुख कारण म्हणून पुढे आले.

या दोन घटना एकत्र वाचल्या म्हणजे शब्दातील दोष स्पष्ट होतो. प्रश्न अधिक की उणे, हा नव्हताच. कोणाच्या शरीरात, आजाराच्या कोणत्या दिवशी, कोणत्या प्रकारचा जबाब, हा प्रश्न होता. ‘शक्ती’ हा शब्द केवळ ‘किती?’ एवढेच विचारू देतो. ‘कोणता?’, ‘केव्हा?’ आणि ‘कशाविरुद्ध?’ हे तीन प्रश्न, ज्यांवर हे शास्त्र उभे आहे, तो विचारूच देत नाही.

४

याहून जुने आणि महाराष्ट्राच्या अधिक जवळचे उदाहरण कुष्ठरोगाचे आहे. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरची स्थापना १९५२ साली झाली. त्याचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. कर्करोगाइतकेच कुष्ठरोगाच्या विकृतिशास्त्रातही त्यांचे काम मोलाचे आहे, आणि पुढे १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९५८ साली बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतून वेगळे केलेले काही आम्लरोधी जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे प्रसिद्ध केले. हे जंतू ‘आय. सी. आर. सी. बॅसिलस’ या नावाने ओळखले गेले. ते प्रत्यक्ष कुष्ठरोगाचे जंतू नव्हेत; कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमात वाढवणे अद्याप कोणास साधलेले नाही. परंतु या भाऊबंद जंतूंपासून पुढे त्याच संस्थेत डॉ. माधव देव यांनी कुष्ठरोगावरील लस तयार केली.

कुष्ठरोग हा इम्युनॉलॉजीच्या विद्यार्थ्यासाठी एक संपूर्ण पाठ्यपुस्तक आहे. जंतू एकच, परंतु रोगाची रूपे इतकी भिन्न की जणू दोन वेगळे आजार. १९६६ साली रिडली आणि जॉपलिंग यांनी या रूपांची पाच गटांत जी मांडणी केली, तिचा पाया जंतू हा नसून रुग्णाच्या शरीराचा जबाब हा आहे. एका टोकाला असा रुग्ण, ज्याच्या पेशी जंतूला जोरकस जबाब देतात. त्याच्या अंगावर चट्टे थोडे, जंतू शोधूनही क्वचितच सापडतात. दुसऱ्या टोकाला असा रुग्ण, ज्याच्या पेशी या एका जंतूपुरत्या मूक असतात. त्याच्या त्वचेत जंतूंचे अमाप पीक असते. आता ‘शक्ती’च्या भाषेत विचारावे, यांपैकी प्रतिकारशक्ती कोणाची अधिक? पहिल्याची, असे उत्तर येईल. परंतु दुसऱ्याच्या रक्तात त्याच जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी पहिल्याहून कितीतरी अधिक असतात, आणि त्यांचा त्याला उपयोग होत नाही. कारण हा जंतू पेशींच्या आत दडतो आणि तेथे अँटिबॉडी पोहोचत नाहीत. उलट पहिल्याचा जोरकस जबाब जंतूंबरोबर त्याच्या स्वतःच्या मज्जातंतूंचाही नाश करतो. ज्याला आपण शक्तिमान ठरवले, त्याचा हात त्या शक्तीनेच लुळा होऊ शकतो.

हा केवळ पंडिती मुद्दा नव्हे. बहुविध औषधोपचार चालू असताना अनेक कुष्ठरोग्यांना ‘रिॲक्शन’ येते. चट्टे लाल होऊन सुजतात, नसा दुखतात, ताप येतो. हा जंतूंचा नवा हल्ला नव्हे. जंतूंच्या अवशेषांना शरीराने दिलेला तीव्र जबाब आहे. अशा वेळी त्वरित स्टेरॉइड दिले नाही, तर काही दिवसांत हात किंवा पाय कायमचा बधिर व दुबळा होऊ शकतो. आता बिडकीनच्या शिवारात राबणाऱ्या एखाद्या माणसाला डॉक्टरांनी सांगितले की, तुमची रोगप्रतिकारशक्ती कमी करण्याचे औषध देतो, तर तो काय समजेल? आधीच महारोगाच्या नावाने खचलेल्या माणसाची उरलीसुरली शक्तीही हे काढून घेणार! गोळ्या नाल्यात टाकून तो घरी गेला, तर तो अडाणी होता असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही. आपण दिलेल्या शब्दाचा सरळ अर्थ त्याने घेतला, एवढेच त्याने केले. संधिवात, ल्युपस किंवा मूत्रपिंड-आरोपणानंतरचे रुग्ण यांच्या बाबतीतही हेच घडते. एका शब्दाच्या चुकीची किंमत येथे बोटांनी, सांध्यांनी आणि कधी प्राणांनी मोजावी लागते.

साठ्याची कल्पना किती फसवी आहे, हे दाखवणारी आणखी एक घटना आहे. तमिळनाडूतील चेंगलपट्टू भागात १९६८ पासून क्षयरोगाविरुद्ध बी. सी. जी. लसीची फार मोठी क्षेत्रीय चाचणी झाली. प्रौढांच्या फुप्फुसांच्या क्षयापासून या लसीने संरक्षण दिल्याचे तीत आढळले नाही. पुढे त्याच जिल्ह्यात १९९१ मध्ये कुष्ठरोगाविरुद्धच्या चार लसींची तौलनिक चाचणी सुरू झाली. १९९८ साली गुप्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार मुंबईच्या आय. सी. आर. सी. लसीने ६५.५ टक्के, बी. सी. जी. आणि मृत कुष्ठजंतू यांच्या मिश्रणाने ६४ टक्के, नुसत्या बी. सी. जी.ने ३४.१ टक्के आणि दिल्लीत तयार झालेल्या ‘एम. डब्ल्यू.’ लसीने २५.७ टक्के संरक्षण दिले. तोच मुलूख आणि तीच बी. सी. जी.; एका रोगात काहीसे संरक्षण, दुसऱ्यात नाही. आणि तीच लस तान्ह्या मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून वाचवते, म्हणून ती जन्मतःच टोचणे आवश्यकच आहे. संरक्षण हे असे रोगागणिक, वयागणिक, प्रदेशागणिक ठरते. काही लसींचा परिणाम त्यांच्या नेमक्या रोगापलीकडेही थोडाफार जातो, असे अलीकडचे संशोधन सांगते. पण तेवढ्याने सर्व रोगांना पुरून उरणारी एक शक्ती सिद्ध होत नाही.

५

शक्तीच्या जागी कोणती कल्पना अधिक खरी? इम्युनॉलॉजीचा गेल्या शतकाचा इतिहास पाहिला तर तीन कल्पना वारंवार समोर येतात : ओळख, स्मृती आणि सोसणे. फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट आणि पीटर मेडावर यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते शरीर परक्या पेशींना सोसण्यास कसे शिकते, या शोधासाठी. २०२५ चे पारितोषिक मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले, तेही शरीर आपल्याच पेशींवर उठण्यापासून स्वतःला कसे आवरते, या शोधासाठी. म्हणजे या शास्त्राचे दोन मोठे सन्मान मारण्याच्या सामर्थ्याला नव्हेत, तर न मारण्याच्या विवेकाला मिळाले आहेत.

या तिन्ही कल्पनांसाठी मराठी दरिद्री आहे काय? मुळीच नाही. आपले आणि परके यांतील भेदाला ‘आप-पर’ हा घरगुती शब्द आपल्यापाशी आहे. अन्न, पाणी, हवा अंगाला पटली तर ती ‘मानवते’. न पटली तर ‘बाधते’. एखाद्याला शेंगदाण्याचे ‘वावडे’ असते; त्यात शेंगदाण्याचा दोष नसतो आणि माणसाच्या दुबळेपणाचाही नसतो, हे त्या शब्दात गृहीत आहे. पुन्हा पुन्हा घडून सवयीचे झालेले ‘अंगवळणी’ पडते, आणि न झालेले ‘सोसत नाही’. हे सर्व शब्द शरीराला जबाब देणारे, निवड करणारे, शिकणारे मानतात. एकही शब्द त्याला शक्तीची कोठी मानीत नाही. बिडकीनची आजी ज्या भाषेत आपल्या पोटाविषयी आणि कातडीविषयी बोलते, ती भाषा आमच्या परिभाषेपेक्षा इम्युनॉलॉजीला अधिक जवळची आहे, ही गोष्ट विद्यापीठाने नम्रपणे मान्य केली पाहिजे.

स्मृतीचे उदाहरण गोवराचे घ्यावे. गोवर येऊन गेलेले मूल पुढे कित्येक महिने जपावे लागते, हे जुन्या बायका सांगत आल्या. शास्त्राने त्याचे एक कारण २०१९ मध्ये उलगडून दाखवले. गोवराचा विषाणू शरीराच्या स्मृतिपेशींचाच नाश करतो. अभ्यासलेल्या मुलांत पूर्वी कमावलेल्या अँटिबॉडींच्या भांडारापैकी ११ ते ७३ टक्के भाग गोवरानंतर नाहीसा झालेला आढळला. मुलाची शक्ती कमी झाली, असे म्हटल्याने आई त्याला दूध-तूप खाऊ घालील, आणि ते चांगलेच आहे. पण त्यामुळे विसरलेले परत येणार नाही. मुलाचे शरीर पूर्वीचे आजार विसरले आहे, असे म्हटले तर गोवराची लस का चुकवू नये, हे एका वाक्यात कळते : ती एका रोगापासून वाचवतेच, शिवाय इतर रोगांच्या आठवणीही राखते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत व मालेगाव-भिवंडीत गोवराची साथ येऊन बालके दगावली, तेव्हा हे एक वाक्य सांगता येणारी माणसे वस्त्यावस्त्यांत हवी होती.

६

येथवर लोकांतील शब्दाचा विचार झाला. पुस्तकी परिभाषेतही हाच दोष निराळ्या वेषात आहे. अँटिजेनला ‘प्रतिजन’, अँटिबॉडीला ‘प्रतिपिंड’, आणि त्यांच्या व्यापाराला ‘प्रतिकार’ किंवा ‘प्रतिरक्षा’. चारही शब्द ‘प्रति’ने सुरू होतात. विद्यार्थ्याला यांतील आक्रमक कोण आणि रक्षक कोण, हे शब्दावरून कळण्यास मार्ग नाही. मूळ शब्दात ‘जेन’ म्हणजे जनक. जो अँटिबॉडीला जन्म देववितो तो अँटिजेन. मराठी वाचकाला मात्र ‘जन’ म्हणताच लोक आठवतात आणि ‘प्रतिजन’ हा एखादा विरोधी जमाव वाटतो. ‘पिंड’ म्हणताच त्याला स्वभाव तरी आठवतो किंवा श्राद्ध तरी. अवयवशः भाषांतर केले की शब्द जुळतात, अर्थ जुळत नाहीत, याचे हे ठळक उदाहरण आहे. अँटिजेन, अँटिबॉडी हे शब्द तसेच ठेवून त्यांचा अर्थ मराठीत नीट उलगडावा, हे अधिक श्रेयस्कर. नाव उसने चालेल. उलगडा उसना चालणार नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून विद्वानांनी परिश्रमपूर्वक जी परिभाषा सिद्ध केली, तिचा हा अनादर होय. तसे नाही. त्या पिढीने शून्यातून शब्द उभे केले. त्यांच्यापुढे शास्त्राचे जे रूप होते, त्याला ते अनुरूप होते. प्रतिकार आणि संरक्षण हेच तेव्हा या शास्त्राचे दर्शनी अंग होते. शास्त्र पुढे गेले असता शब्द तपासणे हा अनादर नव्हे. त्यांच्याच कामाचा पुढचा भाग होय. दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. रूढ शब्द लेखाने बदलत नाहीत. ‘रोगप्रतिकारशक्ती’ आता कोणाच्या सांगण्याने जाणार नाही. हे खरे आहे. म्हणूनच प्रस्तुत लेखात पर्यायी नावाचा प्रस्ताव मांडलेला नाही. नाव राहील; त्याच्याभोवतीची वाक्ये बदलता येतील, आणि क्रियापदे तर निश्चितच. ‘शक्ती वाढते’ याऐवजी ‘शरीर ओळखते’, ‘लक्षात ठेवते’, ‘विसरते’, ‘सोसते’, ‘आपल्यावरच उठते’ अशी वाक्ये रूढ करणे हे साध्य होण्याजोगे काम आहे.

ते काम कोणी करावयाचे? येथे प्रशिक्षणाचा प्रश्न येतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकात इम्युनॉलॉजीच्या संशोधन-प्रशिक्षण केंद्रांची जी योजना आखली, तिच्यामागील विचार दूरदृष्टीचा होता. ज्या देशांत संसर्गजन्य रोग आहेत, तेथेच संशोधक घडावेत. रोग एकीकडे आणि प्रयोगशाळा दुसरीकडे, ही स्थिती पालटावी. नायजेरियातील इबादानचे केंद्र याच योजनेतले. भारतात १९७२ पासून नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत प्रा. गुरसरण प्राण तलवार यांच्या नेतृत्वाखाली असे केंद्र चालले, आणि १९८१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय इम्युनॉलॉजी संस्थेची भूमी त्यानेच तयार केली. वर उल्लेखिलेली ‘एम. डब्ल्यू.’ लस ही तलवारांच्याच संशोधनाचे फळ. आज पुणे विद्यापीठाच्या परिसरात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तेथेही इम्युनॉलॉजी हा संशोधनाचा एक प्रमुख विषय आहे.

रोग आणि प्रयोगशाळा यांतील अंतर अशा केंद्रांनी पुष्कळ कमी केले. परंतु दुसरे एक अंतर तसेच राहिले. आपल्या विद्यापीठांत हे शास्त्र शिकवले जाते इंग्रजीत, प्रबंध लिहिले जातात इंग्रजीत, आणि रक्ताचा नमुना मागितला जातो मराठीत. पेशी मोजण्याचे, अँटिबॉडी तपासण्याचे, आकडे पडताळण्याचे शिक्षण संशोधकाला मिळते. ज्याच्या दंडातून रक्त घ्यावयाचे, त्याला ते कशासाठी हे समजावून सांगण्याचे शिक्षण मिळत नाही. संमतिपत्र मराठीत छापलेले असते. पण त्यातही तीच ‘रोगप्रतिकारशक्ती’ असते, आणि तिच्यावर अंगठा उठवणारा माणूस कशाला संमती देतो आहे, हे त्या शब्दाने त्याला कळत नाही. ज्या संमतीचा शब्दच फसवा, ती संमती कितपत खरी, हा नीतीचा प्रश्न आहे आणि भाषेचाही.

म्हणून एक साधी सूचना. महाराष्ट्रातील कोणत्याही विद्यापीठीय केंद्रात या विषयाचे प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधाचा गाभा मराठीत, चार पृष्ठांत लिहून द्यावा. आणि तो मराठी विभागातील अध्यापकाबरोबरच शास्त्राशी संबंध नसलेल्या एका वाचकाने वाचून कळला की नाही, ते सांगावे. यास खर्च नाही, नवी इमारत नको, अनुदान नको. चार पृष्ठे लिहिताना विद्यार्थ्याच्या ध्यानात येईल की, आपण जे इंग्रजीत समजलो असे मानीत होतो, त्यातील बरेच समजलेले नव्हते, केवळ पाठ झालेले होते. मातृभाषेत क्रियापद शोधावे लागले की कर्ता कोण, हे ठरवावेच लागते; आणि इम्युनॉलॉजीत कर्ता कोण, हाच तर मूळ प्रश्न आहे.

वाङ्मयाच्या समीक्षकाने औषधाच्या क्षेत्रात हात घालू नये, असे कोणी म्हणेल. पण शब्द चुकला म्हणजे कल्पना चुकते, आणि कल्पना चुकली म्हणजे गोळी नाल्यात जाते, एवढा हा संबंध सरळ आहे. पैठण ही नाथांची नगरी. तेथे एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण लोकांच्या तोंडी रुळलेले अपपाठ हे रुळले म्हणून खरे ठरत नाहीत, हे ते जाणत होते. त्याच पैठणच्या वाटेवरील गावात आज एक अपपाठ रुळलेला आहे. तो शुद्ध करण्याचे काम ग्रंथशुद्धीइतके थोर नसेल. परंतु ते तितक्याच काळजीने केले पाहिजे, कारण येथे पाठ चुकला तर त्याचा भोग माणसाच्या शरीराला भोगावा लागतो.